भिंतीवरची कात्यूशा

बस शाळेच्या कोपऱ्यावर वळली आणि ओरियानो लेंझीला आपली मुलगी दिसली. शाळेच्या भिंतीला लागून पालिकेने निवडणुकीसाठी पत्र्याचे फलक उभे केले होते. त्यांतल्या एकावर ती होती, हाताची घडी घालून हसत, खऱ्यापेक्षा दुप्पट मोठी. आधी त्याला वाटलं, कुणीतरी तिच्यासारखी. लिव्होर्नो बंदरात अशा चेहऱ्याच्या बायका पुष्कळ. रुंद कपाळ, थोडं पुढे आलेलं हट्टी हनुवटीचं हाड. पण बस सिग्नलला थांबली आणि त्याला डाव्या भुवईतली ती बारीक खाच दिसली. लहानपणी धक्क्यावरच्या साखळदंडात पाय अडकून पडली होती ती. फोटोवाल्याने डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढून टाकली होती, गळ्यावरच्या सुरकुत्या काढल्या होत्या, पण खाच त्याच्या नजरेतून सुटली असावी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कातिया लेंझी’. आणि त्याखाली चिन्ह होतं. त्या लोकांचं चिन्ह. ओरियानोने मांडीवरची औषधांची पिशवी घट्ट धरली. बस सुटली. समोरच्या बाईने त्याला विचारलं, “काका, बरं वाटत नाहीये का?” तो म्हणाला, “नाही, उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर.” ऊन दुसऱ्या बाजूला होतं. त्याचा थांबा येऊन गेला तरी तो बसूनच राहिला.

शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने त्याला उतरवलं तेव्हा समोर समुद्र होता. नैऋत्येचा वारा सुटला होता आणि कठड्यावरून पाण्याचे तुषार येत होते. तो चालत परत निघाला. कातिया. हे नाव त्याने ठेवलं नव्हतं. त्याने ठेवलं होतं कात्यूशा. त्या काळी गोदीतल्या कम्युनिस्ट कामगारांपैकी निम्म्यांच्या मुलींची नावं रशियन होती. कुणाची तानिया, कुणाची इरीना. त्याच्या बायकोची, दिल्वाची आई रडली होती, म्हणाली होती, या नावाची संत नाही स्वर्गात, पोरीला सांभाळणार कोण? तेव्हा दिल्वा पलंगावर उठून बसली, ओले केस मागे सारले आणि म्हणाली, “मी सांभाळीन.” शाळेत मुलं तिला तोफ म्हणायची, कारण त्या नावाची एक तोफ होती युद्धात. ती रडत घरी यायची आणि ओरियानो तिला सांगायचा की त्या तोफेने नाझींना कसं पळवून लावलं होतं. तिला ते ऐकायचं नसायचं. तिला नाव बदलून हवं असायचं. आता तिने ते बदललं होतं, मधला तुकडा छाटून टाकला होता, आणि मागे त्याचं आडनाव मात्र तसंच ठेवलं होतं. लग्न झालं तरी इथे बायकांचं आडनाव बदलत नाही. ही गोष्ट त्याला आजवर कधी टोचली नव्हती.

घरी आल्यावर त्याने काही सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? दिल्वा खिडकीशी खुर्चीत बसून हातरुमालाच्या घड्या घालत होती आणि मोडत होती. लामाराने त्याच्या हातातून पिशवी घेतली. “आजोबा, एवढा वेळ? मला वाटलं, तुम्ही दुसरं लग्न करून आलात.” लामारा जॉर्जियाची, कुताइसी गावची. दिल्वाचं डोकं हरवायला लागलं तेव्हापासून ती त्यांच्याकडे राहत होती. तिचं बोलणं असं असायचं आणि एरवी ओरियानो तिला काहीतरी उलट म्हणायचा. आज तो नुसता बसला. लामाराने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही पण बघितलं.” तिला माहीत होतं. भाजी आणायला ती शाळेवरूनच जायची. कधीपासून, असं त्याने विचारलं नाही. सगळ्या शहराने पाहून झालं असणार. बुटांची नाडी सोडताना त्याच्या लक्षात आलं की त्याला राग आलेला नाही. रागाची तो वाट बघत होता. आयुष्यभर तो त्याला वेळेवर आला होता. मालकांसमोर, पोलिसांसमोर, युनियनच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटताना. आज कुठूनतरी पाणी झिरपावं तसं काहीतरी आत पसरत होतं आणि त्याला नाव नव्हतं.

कामगार क्लबात जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण न जाणं म्हणजे तोंड लपवणं, म्हणून तो संध्याकाळी गेला. भिंतीवरचे फोटो तेच होते, खुर्च्या त्याच होत्या, माणसं मात्र दर हिवाळ्यात कमी होत चालली होती. विनिचो नेहमीच्या टेबलावर पत्ते पिसत होता. वेल्डिंगच्या खात्यात दोघे जन्मभर शेजारी उभे होते. एकाच्या ठिणग्या दुसऱ्याच्या बुटावर. विनिचोने वर न बघता पत्ते वाटले. दोन डाव झाले. मग तो म्हणाला, “फोटो चांगला आलाय हो पोरीचा.” ओरियानो म्हणाला, “पत्ता टाक.” “टाकतो की. मी म्हटलं, अभिनंदन करावं. नाहीतर म्हणशील, विनिचोने तोंडदेखलं पण विचारलं नाही.” “मला माहीत नव्हतं.” विनिचोने पत्ते खाली ठेवले. “काय माहीत नव्हतं?” “ती उभी आहे ते. बसमधून बघितलं.” विनिचोचा चेहरा जरा सैल झाला. कॉफीचं यंत्र पुसत असलेला क्लबवाला तिकडून म्हणाला, “जाऊ द्या हो. माझा मेहुणा तिलाच मत देणार आहे. आणि तो तर तुमच्याच पार्टीत होता.” ओरियानोने खोलीभर नजर फिरवली आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की यांतले किती जण ते नाव आधीच मनात लिहून बसलेत. म्हणजे त्याला वाटणारी लाज कदाचित त्याच्या एकट्याचीच होती. लाजेलाही सोबत लागते.

रविवारी ती जेवायला आली. दर रविवारी यायची तशीच, मिठाईवाल्याच्या कागदात बांधलेले केक घेऊन, सोनेरी दोरीला बोट अडकवून. आतल्या आत घासून ठेवलेली सगळी वाक्यं ओरियानो तिला दारात बघताच विसरून गेला, कारण तिच्या डोळ्यांखाली ती काळी वर्तुळं होती, फोटोतून काढून टाकलेली. ती थेट खिडकीपाशी गेली, खाली वाकली. “आई, मी आलेय.” दिल्वाने वर पाहिलं, हातातला रुमाल मांडीवर सारखा केला आणि अतिशय अदबीने म्हणाली, “या ना, बसा. तुम्ही लांबून आलात का?” वर्ष उलटून गेलं होतं दिल्वाने मुलीला ओळखून, तरी दर रविवारी कात्यूशा त्या ‘तुम्ही’पाशी क्षणभर अडखळायची, पायरी चुकल्यासारखी. आज पण अडखळली. मग हसून म्हणाली, “नाही, जवळच राहते.” दिल्वा म्हणाली, “बरं झालं. आमचे हे आता येतीलच कामावरून.” ओरियानो तिथेच उभा होता.

लामाराने माशांचं लाल कालवण वाढलं. पाव लसूण चोळून भाजला होता. मग ओरियानो म्हणाला, “सांगितलं असतंस तर बसमध्ये मरायची वेळ आली नसती.” कात्यूशाने पावाचा तुकडा कालवणात दाबून धरला. “सांगितलं असतं तर काय केलं असतंस, बाबा?” “भांडलो असतो.” “तेच. मला निवडणूक लढवायची होती. आधी तुझ्याशी लढून दमून जायचं नव्हतं.” तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. ती सांगत गेली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा तिचा कारखाना बंद झाला तो हिवाळा, गेटसमोरचा तंबू, पिंपात पेटवलेली लाकडं. “तुझी माणसं आली, बाबा. लाल मफलर घालून आली. आमच्याबरोबर फोटो काढले, एकजूट म्हणाली, आणि गेली. परत फोन केला तर उचलला नाही कुणी. ज्यांनी उचलला त्यांच्याकडे गेले मी.” “ती कोण माणसं आहेत माहितीये तुला? त्यांचे आजे फॅसिस्ट होते, काळ्या शर्टातले.” “मला माझा निकोलो कुठेय ते माहितीये. रॉटरडॅमच्या गोदामात खोकी उचलतोय. इथे शिकून. त्यांच्या आज्यांचं मी काय करू?” निकोलोचं नाव निघालं आणि ओरियानोने चमचा खाली ठेवला. निकोलो त्याचाही नातू होता. “तुला काय वाटतं हे मला कुणी कधी विचारलंच नाही,” कात्यूशा म्हणाली. “तूसुद्धा नाही. मला काय वाटायला पाहिजे, ते तू सांगायचास.”

लामारा ताटं उचलायला आली तेव्हा कात्यूशाने स्वतःचं ताट पुढे सरकवलं. तिला अवघडल्यासारखं झालं असावं, कारण तिच्या पक्षाच्या पत्रकात परदेशी माणसांबद्दल काय लिहिलंय ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. “लामारा, ते तुझ्यासारख्यांबद्दल नाहीये हं.” लामारा ताटं एकावर एक रचत म्हणाली, “ताई, माझी बहीण बारी शहरात काम करते, तिथल्या बाईंनी पण तिला असंच सांगितलं. आम्ही दोघी बहिणी सुटलो. आता बाकीच्या कोण राहिल्या ते बघायला पाहिजे.” आणि हसली. कात्यूशाही हसली, मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि ओरियानोला आतून त्यांचे आवाज येत राहिले. दिल्वाला रात्री गोळी किती द्यायची, पायाला सूज आहे का, डायपर कुठले चांगले. तिथे त्यांचं छान जमत होतं. तो टेबलाशी बसून राहिला. दिल्वाने केकवरची साखर बोटाने पुसून त्याच्या बशीत ठेवली, लहान मुलाला ठेवावी तशी. जाताना कात्यूशाने त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. “मत नको देऊस, बाबा. मी मागत नाहीये. फक्त माझ्यावर रागावू नकोस.” तो म्हणाला, “जपून जा.” एवढंच आलं तोंडातून, आणि जिन्यातून तिच्या टाचांचा आवाज खाली जाईपर्यंत तो दार धरून उभा राहिला.

दिल्वाला रोज सकाळी फिरवावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लामारा एका बाजूला, ओरियानो दुसऱ्या. शाळेचा रस्ता टाळून तो मुद्दाम कालव्याच्या बाजूने न्यायचा. पण त्या आठवड्यात तिकडे खणून ठेवलं होतं, म्हणून शाळेवरून जावं लागलं. फलक जवळ आले तसा त्याने पाय उचलला. दिल्वा थांबली. नुसती थांबली नाही, तिने त्याचा हात सोडवला. कित्येक महिन्यांत तिने आपणहून काही सोडवलं नव्हतं. ती त्या पत्र्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर कुठून तरी, फार आतून, एक हसू आलं. “कात्यूशा!” ती म्हणाली. “अगं, किती वेळ लावलास? जेवलीस का?” लामाराने तोंडावर हात ठेवला. दिल्वा कागदावरच्या त्या मोठ्या गालावरून हात फिरवत होती, जिथवर पोचत होता तिथवर. “बघा हो,” ती ओरियानोला म्हणाली, “केस कापलेन. छान दिसतायत की नाही?” ओरियानो म्हणाला, “छान दिसतायत.” रस्त्यावरून माणसं जात होती. शाळेत कुठल्यातरी वर्गात मुलं पाढे म्हणत होती. खरी मुलगी दर रविवारी समोर येऊन बसायची तिला ती ‘या, बसा’ म्हणायची. आणि या रंगवलेल्या, सुरकुत्या पुसलेल्या बाईला ती अगं म्हणत होती. कदाचित पुसलेल्या होत्या म्हणूनच. दिल्वाच्या आत जी कात्यूशा शिल्लक होती ती एवढीच तरुण असेल.

त्यानंतर रोज जावं लागलं. सकाळी कोट चढवतानाच दिल्वा विचारायची, “तिच्याकडे ना?” आणि नाही म्हटलं तर दाराशी बसून राहायची, कण्हल्यासारखा आवाज काढत. ओरियानो न्यायचा. टोपी खाली ओढून न्यायचा सुरुवातीला, मग ते सोडून दिलं. ओळखीच्या माणसांना काय दिसत असेल ते त्याला कळत होतं: गोदीतला लेंझी, संपात तुरुंगात जाऊन आलेला लेंझी, त्या लोकांच्या पोस्टरपुढे बायकोला घेऊन देवळात उभं राहावं तसा उभा आहे. समजावून सांगायला कुणी थांबतही नव्हतं. एकदा विनिचो समोरून आला. त्याने दोघांना पाहिलं, दिल्वाचा पत्र्यावरचा हात पाहिला. एरवी दिल्वाला बघून तो टोपी काढायचा. त्या दिवशी तो रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर गेला. लामारा म्हणाली, “मी जाऊन सांगू त्यांना, आजोबा?” “काय सांगशील?” तिने दिल्वाच्या कोटाची कॉलर सारखी केली. मग म्हणाली, “मी पण तिकडे गावी राहिलेल्या माझ्या मुलीला रोज भिंतीवरच बघते. व्हिडिओ लावून फोन टेकवून ठेवते ना, ओट्यामागच्या फरशांना. तिला वाटतं, आई भांडी घासताना माझ्याकडे बघत नाही.” ओरियानोने हे कुणाला सांगितलं नाही, विनिचोला नाही आणि कात्यूशाला तर नाहीच. काय सांगणार होता? की तुझी आई तुला ओळखते, फक्त तू नसतेस तेव्हा?

निवडणूक जवळ आली आणि एका सकाळी ते गेले तर कुणीतरी कात्यूशाच्या तोंडावर अंडी फेकली होती. कपाळापासून पिवळं ओघळून डोळ्यात गेलं होतं, तिथून ओठांवर, आणि कवचाचे तुकडे गालाला चिकटून बसले होते. दिल्वाने ते पाहिलं. “तिला काय झालं? पडली का? काय झालं हो तिला?” तिचा आवाज चढत गेला, रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. “कोणी मारलं तिला? तुम्ही काही करत का नाही?” ओरियानोने तिला धरायचा प्रयत्न केला तर तिने त्याला ढकललं. जन्मात पहिल्यांदा. तो घरी गेला. जवळजवळ धावत, त्या गुडघ्यांनी जमेल तेवढं. कोमट पाण्याची बादली आणि दिल्वाला अंघोळ घालायचा स्पंज घेऊन आला. भर सकाळी, बाजाराच्या वेळेला, सगळ्यांच्या देखत तो पुसायला लागला. जोर दिला तर कागद फाटला असता. म्हणून तो अगदी हलक्या हाताने ओलं करत होता, थांबत होता, पुन्हा ओलं करत होता; आधी कपाळ, मग डोळ्याचा कोपरा, मग ती भुवई. हाताला ही गती आठवत होती. कांजिण्या आल्या होत्या तिला तेव्हा असंच पुसायचं असे, खपली न काढता, आणि ती डोळे मिटून म्हणायची, बाबा, संपलं? स्पंज गालावर असताना त्याच्या नजरेच्या अगदी खाली ते गोल चिन्ह होतं. त्यावरही पिवळे ओघळ गेले होते. तेवढं सोडून द्यावं असं त्याच्या मनात आलं. पण दिल्वा मागून म्हणाली, “खाली पण. खाली पण राहिलंय.” त्याने तेही पुसलं.

तो फोटो कुणी काढला कळलं नाही. दोन दिवसांनी क्लबात विनिचोने न बोलता त्याच्यासमोर फोन सरकवला. त्या लोकांच्या पानावर होता. ओरियानोची वाकलेली पाठ, हातात स्पंज, वर हसणारी कात्यूशा. दिल्वा आणि लामारा कापून टाकल्या होत्या. वर लिहिलं होतं: ‘जुन्या लाल बापालाही लेक पटली.’ खाली शेकडो लोकांनी हृदयं काढली होती. “मी विचारत नाही,” विनिचो म्हणाला. “पण तू सांगितलंस तर ऐकेन.” ओरियानोने तोंड उघडलं. दिल्वाचं नाव या टेबलावर काढायचं, तिचं ते खुळं हसू, तिने मारलेली हाक, आणि यांनी मग कीव करायची, अरेरे म्हणत पाठीवर थोपटायचं. तो म्हणाला, “माझी पोर आहे.” विनिचोने मान हलवली, फोन खिशात टाकला. “हो. ते दिसतंय.”

रस्त्यात उभं राहूनच त्याने कात्यूशाला फोन केला. “तो फोटो काढायला सांग.” “बाबा, मी नाही टाकला तो. शप्पथ. मला न विचारता टाकलाय त्यांनी. सांगते मी, आत्ता सांगते.” मग पलीकडे गाड्यांचा आवाज येत राहिला, आणि तिने फोन ठेवला नाही. “बाबा.” “काय?” “मी किती वेळा बघितला तो. ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन बघितला. तू असं... मला वाटलं नव्हतं तू असं काही करशील. माझ्यासाठी.” तिचा आवाज फुटला. मोठी झाल्यापासून ती त्याच्यासमोर रडली नव्हती, त्या हिवाळ्यात तंबूतसुद्धा नाही. भिंतीला टेकून ओरियानो ऐकत राहिला. त्याच्या जिभेवर सगळं होतं: तुझ्यासाठी नाही गं, तुझी आई ओरडत होती म्हणून. तेवढं बोलला असता तर फोटो पुन्हा त्याचा झाला असता, विनिचोकडे जाता आलं असतं, चार लोकांत मान वर करता आली असती. आणि तिचं हे रडणं तिच्या तोंडावर बंद झालं असतं. “अंडं वाळलं की निघत नाही,” तो म्हणाला. “म्हणून लगेच पुसलं.” ती रडत रडत हसली. “तू पण ना, बाबा.”

मतदान त्याच शाळेत होतं. छोटी बाकं भिंतीला लावून ठेवली होती, फळ्यावर कुणाचं तरी गणित अर्धवट राहिलं होतं. ओरियानोने मत चुकवलं नव्हतं कधी. ताप अंगात असताना, आई वारली त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. कोरा कागद टाकणाऱ्यांना तो भित्रे म्हणायचा, युनियनच्या सभेत मोठ्याने म्हणायचा. पडद्याआड त्याने कागद उघडला. चिन्हांची रांग होती. त्याचं जुनं चिन्ह तर कधीच गेलं होतं. त्याचं नाव बदललं, मग रंग बदलला, मग ते दुसऱ्या कशाततरी विरघळलं. तरी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून तो इतकी वर्षं एकावर फुली मारत आला होता. आणि खाली तिचं चिन्ह, बाजूला रिकामी ओळ. उमेदवार निवडायचा तर तिथे आडनाव लिहायचं असतं. म्हणजे त्याला स्वतःचं नाव लिहायचं होतं. मतदानाची ती न पुसली जाणारी पेन्सिल बोटांत धरून तो उभा राहिला. बाहेर कुणीतरी खाकरलं. मग हातानेच लिहायला सुरुवात केली, त्या ओळीवर, ‘ले’, आणि तिथे हात थांबला. पुढे जाईना. मागेही घेता येईना, कारण ती पेन्सिल तशीच बनवलेली असते. त्याने कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. बाईंनी ओळखपत्र परत देताना विचारलं, “झालं, काका?” तो म्हणाला, “झालं.”

ती निवडून आली. थोडक्या मतांनी, पण आली. मंगळवारी दुपारी घरी आली तेव्हा हातात मोठा फुलांचा गुच्छ होता, कुणीतरी दिलेला, आणि कपडे कालचेच असावेत असे चुरगळले होते. ओरियानो स्वयंपाकघराच्या दारात होता. लामारा गॅसवर काहीतरी ढवळत होती. कात्यूशाने बापाकडे बघितलं, त्या फोटोपासून ती त्याच्याकडे जशी बघायची तशी, थोडी लाजून, थोडी हक्काने. मग आईपुढे जाऊन खाली बसली, फुलं तिच्या मांडीवर ठेवली. “आई, मी जिंकले.” दिल्वाने फुलं पाहिली. “वा! अभिनंदन हो बाई,” ती म्हणाली. “आमची मुलगी पण असते त्यात. कात्यूशा. तुम्ही ओळखत असाल.” कात्यूशाने मान वर केली. तिच्या आईच्या तोंडून हे नाव तिने किती दिवसांनी ऐकलं असेल. “शाळेपाशी असते ती,” दिल्वा म्हणाली. “मी रोज जाते तिला भेटायला. हे नेतात मला. मध्ये तिला कुणीतरी तोंडावर घाण मारली हो. मी इतकी रडले. मग यांनी पुसलं सगळं. मी म्हटलं, मी इथून हलणार नाही, पुसा. तेव्हा पुसलं.”

ओरियानोला वाटलं, आता ती आपल्याकडे वळून बघेल. तो वाट बघत राहिला. तिने बघितलं नाही. तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि मानेवरची ती छोटी केसांची वळणं, जी फोटोत नव्हती. लामाराचा चमचा भांड्यात थांबला होता. सांगावं काहीतरी, पुढे व्हावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. म्हणावं, नाही गं पोरी, तुझ्यासाठी पण, हाताला तूच आठवत होतीस. पण ते आता खरं वाटलं नसतं, आणि खरं होतं की नाही हे त्यालाच कुठे ठाऊक होतं. मग कात्यूशाने आईच्या मांडीवरचा रुमाल उचलला आणि नीट चौकोनी घडी घातली.

“कशी आहे हो तुमची मुलगी?” तिने विचारलं.

“चांगली आहे,” दिल्वा म्हणाली. “हट्टी आहे जरा. बापावर गेलीय. पण माझ्याशी गोड बोलते.” तिने घडी घातलेला रुमाल घेतला, कौतुकाने पाहिला. “तुम्हाला आहे का आई?”

“आहे.”

“लांब असते?”

कात्यूशाने मान डोलावली. दिल्वाने पुढे वाकून तिच्या हातावर हात ठेवला, थोपटला, परक्या बाईला धीर द्यावा तसा. “मग तुम्ही आमच्याकडे येत जा,” ती म्हणाली. “रविवारी या. रविवारी आमच्याकडे केक असतात.”